दुसरे कडवे

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही दैनंदिनी लेकीने दिली. ती रंगांच्या कारखान्यात तपासनीस आहे. कारखान्याने वाटलेल्या या वहीत प्रत्येक पानाच्या तळाशी एकेका रंगाची पट्टी छापली आहे आणि पट्टीखाली रंगाचे नाव. आजच्या रंगाचे नाव 'ओली वाळू'. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज फोनवर मला तेच तेच सांगता. त्यापेक्षा लिहून ठेवा. मी आले की एकदम वाचीन."

तर लिहितो. ही रुग्णालयात आहे. मेंदूत गुठळी झाली, उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. जिवावरचा धोका टळला असे म्हणतात. डोळे उघडते, भरवलेले गिळते, छताकडे बघत राहते. कोणी काही विचारले तर ना होय, ना नाही.

पण आज संध्याकाळी मी तिचा डावा हात हातात घेतला आणि आमची शाळेतली नावाड्याची कविता म्हटली.

हळू वल्हव रे नाव नाविका, पाण्यास लागली झोप
काठावरती जागे आहे एकच इवले रोप

पुढची कडवीही म्हटली. मध्येच तिची तर्जनी हलली. टक टक, दोनदा. घरी जेवताना मी कविता म्हणू लागलो की ती अशीच ताल धरायची. उजवा हात जेवणात गुंतलेला, म्हणून डाव्या हाताच्या बोटाने ताटाच्या कडेवर टक टक. माझे जेवण निवून जायचे, पण तिने धरलेला ताल मोडवत नसे.

ते बोट मी ओळखतो. आत ती जागी आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी मेंदूचे डॉक्टर फेरीला आले. माझ्या लेकीहून लहान असतील. चष्मा कपाळावर चढवतात आणि मग खिशात शोधतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना चष्मेवाले म्हणतो. त्यांना बोटाचे सांगितले.

"हलतात बोटं, आजोबा. आपोआप हलतात. झोपेतसुद्धा."

"ही आपोआप हलवत नाही. मला माहीत आहे ना."

"तुम्हाला माहीत आहे. मान्य." त्यांनी चष्मा शोधला, सापडला. "पण आपल्याला माहीत नाही. त्या दोन गोष्टी वेगळ्या."

"हातच्या काकणाला आरसा कशाला, डॉक्टर?"

"काकण तुमच्या हातात आहे. मला आरसाच लागतो."

मग त्यांनी सरळच सांगितले. हा व्यायामाचा वॉर्ड. जे पेशंट समजून प्रतिसाद देतात त्यांनाच इथे ठेवतात, कारण शिकवणारे हात थोडे आहेत. महिनाअखेर आढावा आहे. तोवर हिच्या कागदावर काही लिहिण्याजोगे दिसले नाही तर हिला मागच्या इमारतीत हलवतील.

मागची इमारत मी पाहिली आहे. चहाची टपरी शोधताना चुकून गेलो होतो. स्वच्छ आहे. वेळेवर अंग पुसतात, भरवतात, कुशीवर वळवतात. एक रेडिओ लावलेला असतो. पण तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही. उत्तर येणार नाही हे तिथे ठरलेले आहे.

नोकरीभर मी पाण्याचे मीटर वाचले. लोक दारात उभे राहून सांगायचे, "साहेब, आम्ही महिनाभर घरी नव्हतो, थेंब वापरला नाही." मी म्हणायचो, तुमचं खरं असेल, मी काटा लिहितो. आज डॉक्टरांनी माझ्याकडे काटा मागितला तेव्हा मला राग आला. त्या दारातल्या लोकांना काय वाटत असेल ते आता कळते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

लेक आली. आधी आईचे केस विंचरले, मग ही पाने वाचली. एका ठिकाणी थोडी थबकली. म्हणाली, "दाखवा बघू."

मी हात हातात घेऊन कविता म्हटली. बोट हलले. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिले. तिने काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

"आता आईचा हात सोडा, हा धरा, आणि परत म्हणा."

मी म्हटली. दुसऱ्या ओळीपर्यंत माझी पँट गुडघ्यावर भिजली.

"बाबा, तुम्ही कविता नुसती तोंडानं म्हणत नाही. हातानंही म्हणता."

"म्हणजे बोट मी हलवलं म्हणतेस?"

"मी तसं म्हणत नाही. कोणी हलवलं ते कळायला मार्ग नाही, एवढंच म्हणते."

"इतक्या वेळा हललं ते?"

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आमच्या कारखान्यात तर रोज कावळे बसतात. दमट हवेत निळा रंग गडद उतरतो म्हणून सगळे सांगतात. मलाही तसंच दिसायचं. मग आम्ही डब्यांवरच्या चिठ्ठ्या झाकून बघायला लागलो. चिठ्ठी दिसली ना, की डोळा खोटं बोलतो. मुद्दाम नाही बोलत. प्रेमानं बोलतो."

"मग उतरतो का निळा गडद?"

"नाही उतरत. पण पिवळा उतरतो. ते कोणी कधी म्हटलंच नव्हतं."

तिच्याबरोबर चहा घ्यायला गेलो नाही. पोटात दुखते म्हणालो. खरे म्हणजे मनात एकच गोष्ट घोळत होती. बोट माझ्याच हाताने हलत असेल, तर इतके दिवस मी माझ्याशीच बोलत होतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

वॉर्डात एक न्हावी येतो. पेशंटांच्या दाढ्या करतो, आणि बायकांच्या वॉर्डात आमच्यासारख्या बसून राहणाऱ्यांच्या. हात हलका आहे, जीभ त्याहून हलकी. आज माझी दाढी करताना म्हणाला, "आजोबा, डॉक्टर काही सांगोत. ज्या पेशंटची दाढी ताठ, तो घरी जातो. माझा अनुभव आहे. वस्तऱ्याला कळतं."

मला ते फार आवडले. वस्तऱ्याला कळते. एखाद्या कवितेत शोभेल. पण लेकीने डोक्यात किडा सोडलेला.

"ताठ दाढीचे गेले नाहीत का कोणी?"

"गेले ना."

"मग?"

"ते धरायचे नसतात, आजोबा."

"आणि मऊ दाढीचे घरी गेले ते?"

"त्यांची दाढी नीट बघितली नसणार मी." त्याने फेस पुसला. "तुम्ही वकील होता का हो?"

मी म्हटले, मीटर वाचायचो. त्यावर त्याने उरलेली दाढी घाईने उरकली; गालावर एक बारीकसा ओरखडा उठला आहे.

संध्याकाळी आरशात तो ओरखडा बघताना वाटले, आपण आजवर जे जे 'माहीत आहे' म्हटले, त्यातले किती असे असेल? धरायचे ते धरलेले आणि उरलेले सोडलेले. शाळेत गणिताच्या मास्तरांपेक्षा मला कवितेचे मास्तर प्रिय होते. ते वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायचे, डोळे मिटायला सांगायचे आणि नावाड्याची कविता म्हणायचे. खिडकीबाहेर नदी नव्हतीच, सायकलींचे दुकान होते. पण डोळे मिटून आम्हाला वल्ह्याचा आवाज यायचा. मला तर अजून येतो.

लेकीला फोन केला. म्हटले, चिठ्ठ्या झाकायच्या तर झाक.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बेत असा ठरला आहे.

जेवणाची चाकाची फळी उभी करून तिच्यावर टॉवेल टाकायचा, म्हणजे मला तिचा हात दिसणार नाही आणि माझा हात तिच्यापर्यंत पोचणार नाही. खाटेला टेकायचेही नाही. फळीपलीकडे व्यायामवाली मुलगी बसेल. ती हिच्या हातापायांना रोज व्यायाम देते, हिला 'आजी' म्हणते, कामाला चोख आहे. तिने कानात यंत्रे घालून आपली गाणी ऐकायची, म्हणजे आम्ही काय बोलतो ते तिला कळणार नाही. नजर फक्त हिच्या बोटावर. बोट हलले की घड्याळ बघून वेळ लिहायची. इकडे कोणती ओळ केव्हा म्हटली गेली ते लेक लिहील. दोघींचे कागद संध्याकाळपर्यंत शेजारी ठेवायचे नाहीत.

काय म्हणायचे तेही आपण ठरवायचे नाही. लेकीने पाकिटात रंगाचे तुकडे घातले आहेत. हिरवा निघाला तर मी कविता म्हणायची. पिवळा निघाला तर मीच, पण पाणीखात्याचे नियम म्हणायचे. ते मला अजून पाठ आहेत. राखाडी निघाला तर तीच कविता लेकीने म्हणायची.

"तू कशाला?" मी विचारले.

"आईला कविता कळते की नुसता तुमचा आवाज, ते कसं समजणार मग?"

व्यायामवाली म्हणाली, "आजोबा, तुमच्यापेक्षा ताई कडक आहेत हो."

"तिच्या आईवर गेली आहे."

लेकीने आणखी एक अट घातली. बोट नेमके कुठे हलेल ते मी आधीच लिहायचे, मागाहून 'मी म्हणत होतोच' चालणार नाही. तर लिहितो: पहिल्या ओळीतल्या 'नाविका' या शब्दावर.

का, तेही लिहून ठेवतो. ही टेलिफोन केंद्रात होती, लांबच्या गावांचे फोन जोडून द्यायची. मी खात्याच्या कामासाठी मुख्य कार्यालयाला फोन लावायचो तेव्हा आधी हिचा आवाज यायचा. पुढे पुढे कार्यालयाचा फोन लागेपर्यंतचा वेळच मला पुरेनासा झाला. एकदा लाइन मोकळी व्हायला उशीर होता तेव्हा मी धीर करून तिला नावाड्याची कविता म्हणून दाखवली. पहिले कडवे तिने शेवटपर्यंत ऐकले, श्वाससुद्धा ऐकू येत होता; 'नाविका'वर तो किंचित अडखळला, असे मला वाटले. मग बोलण्याच्या नळीवर पेन्सिल दोनदा वाजली आणि तिने कार्यालय जोडून दिले. वेळ संपत आली की त्या केंद्रातल्या मुली अशीच पेन्सिल वाजवायच्या. नियम म्हणजे नियम. माझी उरलेली कविता मी वरिष्ठ लेखनिकाला ऐकवली असती, इतका तंद्रीत होतो.

लग्नानंतर ती म्हणाली होती, "दिवसभर दुनियेचं बोलणं कानात असतं. घरी आलं की बरं वाटतं." मी असताना बरे वाटते, असे तिने एवढ्या उघडपणे पुन्हा कधी म्हटले नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पहिला दिवस फुकट गेला.

वेळ वाचावा म्हणून पहिले कडवेच म्हणायचे ठरले होते. हिरवे निघाले, पिवळे निघाले, राखाडी निघाले, पुन्हा हिरवे. मी 'नाविका' असा काही लावून धरत होतो की पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी मान वर केली. संध्याकाळी कागद शेजारी ठेवले. लेकीचा भरलेला. व्यायामवालीचा जवळजवळ कोरा. एकदाच बोट हलले होते, तेव्हा मी पाणीपट्टीच्या विलंबाबद्दल बोलत होतो.

लेकीने आईच्या पायावरची चादर सारखी केली.

इथे एक गोष्ट लिहायला हवी. शेवटच्या हिरव्याच्या वेळी माझा गुडघा खाटेच्या पट्टीपासून इतका जवळ होता की नुसता श्वास सोडला असता तरी लागला असता. खाट हलली असती, हात हलला असता. कोणाला कळणार होते? लावला नाही. कशासाठी ते सांगता येणार नाही. नोकरीत मीटरला चुंबक लावणारे पुष्कळ पाहिले. त्यांचे चेहरे आठवले एवढेच.

मागच्या इमारतीतला रेडिओ खिडकीतून इथवर ऐकू येतो, हे आजच लक्षात आले.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मी लेकीला म्हटले, "तुझा बेतच चुकला. अर्ध्या कवितेवर कोणी दाद देतं का? मी तिला नेहमी पूर्ण ऐकवतो."

"पूर्ण म्हणजे किती?"

"चारही कडवी."

ती म्हणाली, "जेवताना म्हणायचात तेव्हाही चारही?"

"चारही. का?"

"काही नाही." पाकीट झटकून तिने तुकडे पुन्हा मिसळले. "ठीक आहे, उद्यापासून पूर्ण. पण कालचा दिवस फेकायचा नाही. तोही धरायचा."

"न्हाव्याला सांग हे."

"कोणत्या न्हाव्याला?"

मग तिला ती गोष्ट सांगितली. बऱ्याच दिवसांनी हसली. चहाही घेतला आम्ही, माझ्या पोटात दुखत नव्हते.

रविवार, २३ फेब्रुवारी

चार दिवस रोज झाले. आज सगळे कागद शेजारी ठेवले.

मी नियम म्हणत असताना बोट हलले नाही म्हटले तरी चालेल. लेकीने कविता म्हटली तेव्हाही नाही, आणि लेक चांगली म्हणते, माझ्याकडूनच शिकली. मी कविता म्हटली तेव्हा मात्र बहुतेक प्रत्येक वेळी बोट हलले आहे. टक टक, दोनदा. माझा हात नव्हता, गुडघा नव्हता, आणि व्यायामवालीच्या कानात तिची गाणी होती.

पण 'नाविका'वर एकदाही नाही. पहिल्या कडव्यात कुठेच नाही. हलले ते दरवेळी एकाच जागी, दुसरे कडवे सुरू होताना:

गाव मागचे धूसर झाले, पुढचे दिसेना गाव

'धूसर'पर्यंतही पोचू देत नाही. 'गाव मागचे' म्हटले की टक टक.

मी चकित होऊन लेकीला म्हटले, "बघ, मला वाटायचं तिला पहिलं कडवं आवडतं. तिचं आवडतं दुसरंच निघालं. इतकी वर्षं काढली आणि मला पत्ता नाही."

लेकीने कागद खाली ठेवला आणि तोंडावर हात धरून बाहेर गेली. दाराच्या काचेतून तिची पाठ दिसत होती. खांदे गदगदत होते. दमली आहे बिचारी. कारखाना, घर, इथले हेलपाटे. बराच वेळ तिला एकटे राहू दिले. आत आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि तिने वाकून आईच्या कपाळाची पापी घेतली. म्हणाली, "आई, तू आहेस ग. अगदी तूच आहेस."

व्यायामवाली म्हणाली, "ताई, एक सांगू? बोट हलायच्या आधी आजी भुवई चढवतात. पण ते लिहायला सांगितलं नव्हतं म्हणून लिहिलं नाही."

"बरं केलं," लेक म्हणाली. "ते पुढच्या वेळी."

बुधवार, २६ फेब्रुवारी

आढावा. चष्मेवाल्यांनी कागद उभ्याने बघायला घेतले आणि मग खुर्ची ओढून बसले. माझे तेरा तारखेचे पानही लेकीने त्यांच्यासमोर ठेवले. मला ते दाखवायचे नव्हते. त्यात माझा अंदाज साफ चुकलेला.

"हे तुम्ही आधी लिहिलं होतं?"

"हो. चुकलं ते."

"चुकलं हेच बरं झालं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाला तिथंच बोट हललं असतं ना, तर मी विचार करत बसलो असतो की तुमच्याकडून काही इशारा जातोय का. ज्या जागेची तुम्हाला कल्पनाच नव्हती तिथं त्यांनी बोट हलवलं. म्हणजे हे तुमचं नाही. त्यांचं आहे."

पुढे ते बराच वेळ बोलले. त्यातले मला उमगले ते असे: मला जे माहीत होते ते मी उठून गेलो की माझ्याबरोबर उठून जात होते. आता जे कागदावर आहे ते मी घरी गेलो तरी इथे राहील. ते व्यायामवालीचेही आहे, डॉक्टरांचेही, आणि उद्या कोणी खोडून काढू म्हणाला तर त्याचेही. चिमणी तळहातावर येऊन बसते ते एक, आणि तिच्या पायात ओळखीचे कडे घालून सोडतात ते एक. पहिले मला अजूनही जास्त आवडते. पण दुसऱ्यावाचून हिची खाट राहिली नसती.

"एक प्रश्न उरतोच," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्याच कडव्याला का? काय म्हणायचं असेल त्यांना?"

मी म्हटले, "आवडतं तिला."

त्यांनी लेकीकडे पाहिले. लेक म्हणाली, "आम्ही बोट हलतं का आणि कधी हलतं एवढंच तपासलंय, डॉक्टर. का हलतं ते नाही तपासलं."

"तुमचा अंदाज?"

"आहे. पण मी त्यांची मुलगी आहे. माझ्या चिठ्ठ्या कोण झाकणार?" आणि ताकास तूर लागू दिली नाही.

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा खिशात शोधला, मग नाकावर घेतला आणि हिच्या कागदावर लिहिले. खाट इथेच राहणार.

सोमवार, ३ मार्च

व्यायामवाली खुशीत होती. "आजोबा, आजींना आता मला थांबवता येतं. खांदा फिरवताना दुखलं की बोट दोनदा आपटतात. मी लगेच थांबते. नाहीतर आम्हाला कसं कळणार, कुठं पुरे म्हणायचं ते?"

चांगली युक्ती शिकवली मुलीने. मी तसे म्हटलेही.

"मी नाही शिकवली. त्यांनीच सुरू केली."

मी विचार केला, कवितेचा ताल तिने व्यायामात वापरायला घेतला असावा. कविता माणसाला अशी कुठे कुठे उपयोगी पडते. आमच्या मास्तरांना हे ऐकून आनंद झाला असता.

घरी आल्यावर मात्र एक लहानशी गोष्ट टोचत राहिली. दुखले की टक टक. मग दुसऱ्या कडव्यात तिला काय दुखते? गाव मागे पडल्याचे असेल. ओळ तशी हळवीच आहे.

रविवार, ९ मार्च

आजचा रंग 'सायीचा'. पान लहानच भरेल.

दुपारी वॉर्ड शांत होता. लेक यायची होती, आलेली नव्हती. फळी नव्हती, पाकीट नव्हते, कोणी लिहून घेत नव्हते. खिडकीतले ऊन हिच्या चादरीवर गुडघ्यापर्यंत आले होते. मी स्टूल ओढून बसलो, हात मांडीवर ठेवून, आणि नावाड्याची कविता सुरू केली.

पहिले कडवे संपले. 'इवले रोप'वर मी थांबलो. उन्हात तिचा हात बघत होतो आणि पुढचा शब्द आलाच नाही.

तिची तर्जनी वर उठलेली होती. चादरीपासून बोटभर वर, तयार. भुवईही चढली होती. व्यायामवाली म्हणते ते खरे आहे. मी बोलत नव्हतो. बोट तसेच उभे राहिले. तिने मान किंचित वळवली आणि या आजारात पहिल्यांदा छताकडे न बघता माझ्याकडे पाहिले. मग बोट खाली आले, आपटले नाही. चादरीवर अलगद टेकले आणि तिथेच राहिले. भुवई उतरली. ओठाचा डावा कोपरा हलला.

आम्ही तसेच बसलो. ऊन तिच्या हातापर्यंत आले. पन्नास एक वर्षांत आम्ही इतका वेळ गप्प बसल्याचे मला आठवत नाही, आणि वाईट वाटले नाही. टेलिफोनवर तिचा श्वास ऐकू यायचा तसा येत होता.

लेक आली ती दारातच थांबली. "काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हटले. "एक राहूनच गेलं बघ. आपल्या पाकिटात गप्प बसायचा रंग नव्हता."

ती आत आली. "घालायचा का?"

"नको. एवढं राहू दे."

मग मी तिला विचारले, जेवताना आई ताटावर बोट वाजवायची तेव्हा तुला काय वाटायचे. ती म्हणाली, "मला वाटायचं, आता बाबा जेवतील." आणि आईचे केस विंचरायला लागली.

उरलेली तीन कडवी घरी येताना बसमध्ये मनातल्या मनात म्हटली. 'गाव मागचे' आले तेव्हा क्षणभर थांबलो. कोणी टक टक केले नाही. शेवटपर्यंत म्हणता आली, पण बेचव लागली.